माझा ओटीपी, दादाचा फोन

फॉर्म सोळा आल्याचा मेसेज कंपनीच्या ग्रुपवर पडला की माझा जबडा आपोआप आवळला जातो. यंदाही तसंच झालं. मी बसमध्ये होते, पैठण रोडला. बाहेर जुलैचं ते करडं आभाळ, बरसायचं नाव नाही, नुसता घाम काढणारं. मागच्या सीटवरची मंडळी लगेच सुरू झाली. तुझा किती कापला, विम्याची पावती दिलीस का, घरमालकाचा पॅन लागतो की नुसती सही चालते. या दिवसांत आमच्याकडची शहाणी माणसंसुद्धा चिडखोर होतात. अकाउंट्सच्या खिडकीशी भांडतात, झेरॉक्सवाल्यावर खेकसतात, बँकेच्या नावानं बोटं मोडतात. मी त्यांच्यात बोलत नाही. माझं जुलैशी भांडण आहे, पण ते कर किती कापला यावरून नाही.

मी चितेगावला औषधांच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायचं लोकांनी आता सोडलंय. आई-वडील गेले तेव्हा पिशोरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, दादाचं आणि माझं. दादा म्हणजे भास्कर, माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत नोकरीला. सिडकोतल्या त्याच्या घरात मी नोकरी लागल्यापासून राहत होते. त्या घराचा वरचा मजला चढला तेव्हा कर्ज दादाच्या नावावर होतं आणि हप्त्याचा अर्धा भाग माझ्या पगारातून जात होता. व्याजाची सूट अर्थातच दादाच्या रिटर्नमध्ये. कर्ज ज्याच्या नावावर, सूट त्याला. कायदा तसाच आहे, असं दादा म्हणायचा, आणि कायदा खरंच तसाच आहे.

तरी त्या घरातला जुलै मला एके काळी आवडायचा, हे सांगताना आजही राग येतो. रविवारी सकाळी दादा पुढच्या खोलीत दिवाणावर मांडी घालून बसायचा. समोर लॅपटॉप, पंचिंग मशीन, हिरव्या टॅगची जुडी. पिशोरकडचे नात्यातले शिक्षक यायचे. हातात पगाराच्या स्लिपा, पिशवीत अद्रकाचे गड्डे नाहीतर मक्याची कणसं. दमट हवेनं कागद मऊ पडलेले असायचे, एकमेकांना चिकटायचे. शाई, ओला कागद आणि माती न झटकलेलं अद्रक यांचा मिळून एक वास खोलीभर भरून राहायचा. वहिनी चहा घेऊन यायची, रिकामे कप उचलून न्यायची. दादा चष्म्यावरून बघत माणसाला चुकीच्या जागी सही करताना थांबवायचा, आणि माणसं त्याला देव मानायची. फुकट करून देत होता ना. प्रत्येकाच्या फाइलवर त्याच्या वळणदार अक्षरात नाव. माझीही फाइल होती, निळी. मी फॉर्म सोळा आणून द्यायचे, बँकेचं सर्टिफिकेट आणून द्यायचे, आणि कधीतरी दादा म्हणायचा, तुझं झालं बरं का. झालं म्हणजे काय झालं, ते मी विचारत नसे. मला वाटायचं, भाऊ असावा तर असा.

पॅन काढलं तेव्हा माझ्याकडं फोन नव्हता, म्हणून दादाचा नंबर दिला होता. आधारलाही तोच. आयकराच्या साइटवर खातं उघडलं तेव्हा तर प्रश्नच आला नाही. पासवर्ड त्याच्या मुलाच्या नावाचा, पुढं त्या मुलाचं जन्मसाल. यातलं काहीच कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण मुद्दाम न बांधलेली गाठही सुटता सुटत नाही, हे मला पुढं कळलं.

काही वर्षांपूर्वी मी नक्षत्रवाडीच्या पुढं एक फ्लॅट बघितला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि एक गॅलरी, जिच्यातून नुसता उजाड माळ दिसत होता. मला तो माळच आवडला. बिसार दिला, म्हणजे सौदा पक्का करायचे आगाऊ पैसे. बँकेनं गेल्या तीन वर्षांचे रिटर्न मागितले आणि यंदाचाही लवकर भरून आणा म्हणून सांगितलं. जुलै संपायच्या आत कागद आले नाहीत तर बिल्डर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार होता, हे त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

घरी जेवताना मी दादाला फाइल मागितली. फ्लॅटचंही तेव्हाच सांगितलं. दादानं घास चावून संपवला. किती क्षेत्रफळ, कोणता बिल्डर, पार्किंग आहे का, सगळं नीट विचारलं. मला वाटलं, बरं झालं, सोपं गेलं. मग पाणी पिऊन तो म्हणाला, फाइल देतो, यंदाचा रिटर्नही भरून देतो, पण आधी एक दिवस सुट्टी टाक, आपण कन्नडला जाऊन येऊ. तिथं नोंदणीच्या कचेरीत हक्कसोडपत्र करायचं होतं. म्हणजे वडलांच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडून देते, काही न घेता, असं लिहून सही करायची. कागद तयार होता. तो कपाटात केव्हापासून पडून होता, देव जाणे.

मी म्हटलं, रिटर्नचा आणि जमिनीचा काय संबंध?

"तुला घर झालं की," दादा म्हणाला, "मग जमीन कशाला पायजे? लगीन झालं असतं तर केव्हाच सही करून मोकळी झाली असतीस."

तो ओरडला नाही. दादा कधीच ओरडत नाही. कांदा हवा का म्हणून विचारावं तशा आवाजात त्यानं ते विचारलं. वहिनी पोळ्या वाढत होती. तिनं माझ्या ताटात पोळी टाकली, वर तूप घातलं आणि आत गेली. मला तिचा दादाहून जास्त राग आला. दादाचा निदान स्वार्थ तरी दिसत होता त्यात. ही नुसती तूप वाढत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडायला गेले. भाच्याचं नाव टाकलं, साल टाकलं. चूक. दादानं पासवर्ड बदलला होता. पासवर्ड विसरलात का, या ओळीवर दाबलं. तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. स्क्रीनवर दादाच्या नंबरचे शेवटचे आकडे, बाकी सगळ्या फुल्या. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. कोडची मुदत संपली. परत मागवला, परत लावला, आता गाडी चालवतोय म्हणाला. मागून कचेरीतला पंखा ऐकू येत होता. तिसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही. माझ्याच नावाचा, माझ्याच पॅनचा, माझ्याच पगाराचा कोड त्याच्या खिशात वाजत होता आणि मी हातमोजे घालून काचेच्या भांड्यांशेजारी उभी होते. एखादं फोडावंसं वाटलं. फोडलं नाही. लॅबमध्ये सवय लागते, कितीही राग आला तरी भांडं नीट खाली ठेवायची.

पुढचे काही दिवस असेच गेले. दादा जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचा, पालथा. पूर्वी तो चार्जिंगला असायचा. मी रिटर्नचा विषय काढला की तो सोमवारी कन्नडला गर्दी कमी असते म्हणायचा. बाहेर रिमझिम सुरू झाली होती. भिंतींना ओल आली होती. माझ्या खोलीतल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला होता आणि मला त्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा तिटकारा यायला लागला होता, गॅसच्या शेगडीपासून दारातल्या पायपुसण्यापर्यंत. त्या दिवसांत मला सही करून टाकावीशीही वाटली. काय करायची होती मला जमीन? मी काही नांगर धरणार नव्हते. पण तो कागद कपाटात तयार होता, ही गोष्ट मनातून जात नव्हती. त्यानं मागितलं असतं तर मी दिलं असतं. त्यानं माझा हात पिरगाळून घ्यायचं ठरवलं होतं.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर नसरीन असते. शहागंजच्या मागच्या गल्लीत राहते. दोन मुलं, सासू, आणि मोठ्यानं हसणं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण मी फोनवर बोलताना तिनं ऐकलंच होतं. डबा खाताना ती सरळ म्हणाली, "आधार में नंबर किसका है, वो देख पहले. वो तेरा हुआ, तो बाकी सब तेरा." आधारचा नंबर भावाला न विचारता बदलता येतो, त्याला फक्त आपली बोटं लागतात. आधार माझ्या हाती आलं की आधारच्या ओटीपीवर आयकराचा पासवर्डही नवा टाकता येतो. तिच्या नवऱ्यानं गॅसच्या सबसिडीवरून असाच घोळ घातला होता, तेव्हा ती हे शिकली होती. हे सांगताना ती हसत नव्हती.

शनिवारी आम्ही दोघी तिच्या घराजवळच्या आधार केंद्रात गेलो. शहागंजात पावसानं चिखल झाला होता. हातगाड्यांवर प्लास्टिक ओढलेलं, त्याखाली खजूर, चपला, बांगड्या, सगळं एकत्र भिजत होतं. केंद्रात बाकड्यावर लोक दाटीनं बसले होते आणि ओल्या छत्र्यांचं पाणी सगळ्यांच्या पायाखालून वाहत होतं. माझा नंबर आला. मी अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. पुसून ठेवला. नाही. केंद्रातला माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, मॅडम, ठसे घासलेत तुमचे, काम कशाचं करता? वर्षानुवर्षं ॲसिड, स्पिरिट आणि गरम पाण्यात भांडी धुऊन माझ्या बोटांवरच्या रेषा बुजल्या होत्या. त्यानं एकेक बोट ठेवायला लावलं. मागची बाई पुढं सरकायला लागली. नसरीननं तिला असं बघितलं की ती परत मागं गेली.

मला त्या काचेच्या चौकोनाचा प्रचंड संताप आला. मी कोण आहे हे सांगायला भाऊ चालत होता, आणि मी स्वतः चालत नव्हते. नसरीननं पर्समधून नारळाच्या तेलाची बाटली काढली, माझी बोटं चोळली, ओढणीनं पुसली, आणि म्हणाली, अब रख. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. केंद्रातल्या माणसानं पावती काढून दिली आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर नसरीननं मला गरम जिलेबी खाऊ घातली. आजपर्यंत मी एवढ्या कडू तोंडानं जिलेबी खाल्लेली नाही.

नंबर बदलायला काही दिवस लागतात. तोवर वाट बघायची. बिल्डरचा माणूस रोज फोन करत होता. बँकेतली बाई आवाज न चढवता विचारायची, झालं का मॅडम. दादा मात्र खुशीत होता. महिना संपत आला होता आणि मी गप्प झाले होते, त्यावरून त्याला वाटलं असणार, आता ही येणार. त्यानं मला न विचारता कन्नडला जायला गाडीही सांगून ठेवली. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना माझ्या फोनवर मेसेज आला. आधारला माझा नंबर लागला होता. मी बसथांब्यावरच उभी राहिले. पाऊस लागत होता, छत्री उघडायचं सुचलं नाही.

रिटर्न मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये भरला, सुट्टीच्या वेळेत, नसरीनच्या टेबलावर फॉर्म सोळा पसरून. आधी पासवर्ड बदलला, मग खात्यातला मोबाइल, मग ईमेल. प्रत्येक वेळी कोड माझ्या हातातल्या फोनवर येत होता. जुने रिटर्न उतरवून घेतले. मग यंदाचा उघडला. पगार, बँकेचं व्याज, कापलेला कर, हे सगळं आधीच भरून आलेलं होतं. मी ते फॉर्म सोळाशी ताडून बघितलं आणि बरोबर निघालं. एवढंच काम होतं ते. दर वर्षी दिवाणावर मांडी घालून, चष्मा लावून, सगळ्या गोतावळ्यासमोर जे होत होतं, ते एवढंच होतं. खाली एक ओळ आली, शेतीचं उत्पन्न. माझ्या नावावर जमीन होती. त्या वर्षी अद्रकाला चांगला भाव होता, हे आख्ख्या कन्नड तालुक्याला माहीत होतं. माझ्या वाट्याला त्यातली एक पिशवी आली होती, चहात घालायला. मी शून्य लिहिलं. शून्यच आलं होतं मला. ते शून्य लिहिताना मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण हक्कसोडपत्रावर सही करायची नाही, हे त्या ओळीवर ठरलं.

पासवर्ड बदलल्याचा मेसेज दादालाही गेला असणार. घरी गेले तर तो पुढच्या खोलीत बसला होता, दिव्याखाली, नुसताच. मी चपला काढत होते तेव्हा म्हणाला, "आता तुझं तू बघायलीस तर सगळंच बघ."

"बघते," मी म्हटलं.

यापलीकडं आमच्यात काही झालं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं. त्या आठवड्यात मी कागद बँकेत दिले, नसरीनच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली, आणि फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत तिथंच राहिले. राखीला गेले नाही. दादानंही बोलावलं नाही. वास्तुशांतीचं मी नात्यातल्या सगळ्यांना कळवलं. दादाकडं रिटर्न भरायला येणारे ते शिक्षक आले नाहीत. त्यांच्या फाइली दादाकडं होत्या. माझं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. जमीन अजून दादाच करतो. पिशोरला गेले की लोक माझ्याकडं बघतात, मी काहीतरी चोरलं असावं तसं. मी त्यांच्याकडं तसंच बघते.

तेव्हापासून दर जुलैला मी माझा रिटर्न पहिल्या आठवड्यातच भरून टाकते. घाई नसते, पण ते काम राहिलेलं मला सहन होत नाही. गॅलरीत बसून भरते. समोरच्या माळावर आता इमारती उठल्यात, सिमेंटच्या गाड्या चिखलात रुतून घरघरत असतात, आणि मला त्यांचाही राग येतो. लॅबमधल्या नव्या मुली विचारायला येतात, ताई, हे कुठं भरायचं. मी पहिला प्रश्न विचारते, नंबर कुणाचा आहे. बऱ्याचदा त्या आधी हसतात. मग हसायच्या थांबतात.

गेल्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. उघडलं तर वहिनी. एकटीच, हातात पर्स, साडीचा काठ चिखलानं भरलेला. ती या घरात कधी आली नव्हती. मी बाजूला झाले, या म्हणाले नाही. ती आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी दिलं, ते तिनं सगळं प्यायलं. घर छान आहे वगैरे काही बोलली नाही. मग खाली बघत तिनं सांगितलं, की तिच्या नावानंही दादा दर वर्षी रिटर्न भरतो. शिवणकामाचं उत्पन्न म्हणून. वहिनीनं घरातल्या परकराखेरीज काही शिवलेलं नाही.

मी तिचा रिकामा ग्लास आत नेऊन ठेवला. तिला थोडं ताटकळत ठेवावं असं वाटत होतं आणि मी ठेवलं.

"त्या रात्री तुम्ही तूप वाढत होतात, वहिनी," मी शेवटी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. तिनं कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. "मला एकदा बघायचंय ताई, माझ्या नावावर काय काय लिवलंय ते."

मला तिचा कळवळा आला, असं लिहिलं तर खोटं होईल. तुपाचं ते ताट मी अजून विसरले नव्हते. तिला परत पाठवावं असंही मनात येऊन गेलं. पण मी उठून लॅपटॉप आणला. तिनं पर्समधून पॅन कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि टेबलावर ठेवलं. मी नंबर टाकला. मग तिला समजावून सांगितलं, मी ‘पासवर्ड विसरलात का’ यावर दाबलं की लगेच दादाच्या फोनवर मेसेज जाईल. त्याला कळेल. आधी आधारचा नंबर बदलून घेऊ, थोडे दिवस थांबू, मग त्याला कळायच्या आत सगळं करता येईल. तो रस्ता मला चांगला ठाऊक होता.

वहिनी स्क्रीनकडं बघत होती. तिथं तिचं नाव आलं होतं, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. ती ते ओठ हलवत वाचत होती.

"दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं. बाहेर सिमेंटची गाडी मागं घेत होते, तिचं टुंई टुंई चाललं होतं. मग वहिनीच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं तो काढला, नाव बघितलं, आणि घाई न करता कानाला लावला.

"उषाताईकडं आलेय," ती म्हणाली. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. तिनं तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "माझ्याच नावाचं हाय ना ते? मग मीच बघायलेय. आता मेसेज आलाय, त्यातला आकडा सांगा."